कर्ज काढा, पण पुस्तिका दाखवा

मा. श्री. जगदीश देवडा,
उपमुख्यमंत्री तथा वित्तमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस



हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण आमच्या मोहगावात घेण्यादेण्याचा हिशेब आजही मराठीतच होतो. राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या मध्य प्रदेशात सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा आला, तेव्हा त्याच्याबरोबर आमची भाषाही आली. भोपाळच्या मंत्रालयात, वल्लभ भवनात, इंदूर-ग्वाल्हेरकडचे कुणी तरी मराठी वाचणारे असेलच. नसेल तर नागपूर तिथून फार लांब नाही.

मी सहकारी समितीत नोकरी केली. आमच्याकडे तिला अजून 'सोसायटी' म्हणतात. शेतकऱ्यांची पीककर्जे, त्यांचे हप्ते, थकबाकी, मार्च आला की उडणारी 'नवं-जुनं' करण्याची धांदल, हे सारे मी खातेवहीत उतरवले. त्यामुळे कर्ज या गोष्टीची मला भीती वाटत नाही आणि तिचे कौतुकही वाटत नाही. हे आधीच सांगतो, कारण सरकारच्या कर्जावर पत्र म्हटले की ते विरोधी पक्षाचे असणार असा समज होतो. महिन्या-दोन महिन्यांनी पेपरात बातमी येते : मध्य प्रदेश सरकारने पुन्हा इतके हजार कोटी उचलले. चौकात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, राज्य विकायला काढले. दुसरा म्हणतो, दिल्ली-मुंबईसुद्धा कर्जावरच चालतात. दोघेही फक्त आकड्यावरून भांडतात. नुसत्या आकड्यावरून कर्जदाराची पत कळत असती, तर सोसायटीला माझ्यासारखा माणूस पगार देऊन ठेवावा लागला नसता.

सोसायटीत आम्ही आकड्याच्या आधी मुदत बघायचो. आमचा भाग संत्र्याचा. कलम लावल्यापासून धड उत्पन्न हाती यायला पाच-सहा वर्षे लागतात. त्यानंतर आंब्या किंवा मृग बहार साधला, पाऊस जागेवर पडला आणि कोळशीची कीड आली नाही, तर बगिचा वीस वर्षे पैसा देतो. अशा बगिच्यासाठी ज्याने वर्षभराचे पीककर्ज उचलले तो बुडाला, आणि ज्याने लांब मुदतीचे कर्ज विहिरीत आणि पाइपलाइनीत घातले तो तरला. कर्ज दोघांचेही तेवढेच असायचे. उलटा प्रकारही बघितला. सात वर्षे फेडायचे कर्ज काढून एका दिवसात बारसे-लग्न उरकले, आणि हप्ते भरताना पुढची सात वर्षे त्या जेवणावळीची चव आठवत बसावे लागले. सरकारचे गणित घरच्यासारखे नसते हे मला कळते. सरकार कर बसवू शकते, ते मरत नाही, त्याची मुले वाटणी मागत नाहीत. पण मुदत आणि उपयोग यांची सांगड त्यालाही चुकत नाही.

आपले कर्ज कसे उभे राहते हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून दोन ओळी. रिझर्व्ह बँक मुंबईत राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव करते, बहुधा मंगळवारी. बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी बोली लावतात. म्हणजे सौंसरच्या शाळेतला मास्तर आयुर्विमा महामंडळाला जो हप्ता भरतो, त्यातला काही भाग फिरून आपल्याच हाती येतो. नोव्हेंबर २०२१ पासून तर 'रिटेल डायरेक्ट' खाते उघडून साधा नागरिकही हे रोखे घेऊ शकतो. मोहगावचा माणूस मोबाइलवरून भोपाळला उसने देऊ शकतो, हे चौकात सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही.

आता परतफेडीकडे बघू. एक हजार कोटी वीस वर्षांसाठी सव्वासात टक्क्यांनी उचलले असे धरू. दरसाल साडेबहात्तर कोटी व्याज, ते सहामाहीने. वीस वर्षांत व्याजच १,४५० कोटी. आणि मुद्दल? ते हप्त्याहप्त्याने फिटत नाही, विसाव्या वर्षी एकदम द्यावे लागते. रोखे काढणारे वित्तमंत्री तोवर त्या खुर्चीत नसतात. म्हणून त्या दिवशी जे सरकार असेल ते नवे रोखे काढून जुने फेडते. आमचे नवं-जुनं हेच होते. फरक इतकाच, की शेतकऱ्याला त्यासाठी सोसायटीच्या ओट्यावर तासभर ताटकळावे लागायचे. परतफेडीसाठी रिझर्व्ह बँकेकडे वेगळा निधी साठवण्याची सोय आहे, पण कर्जाच्या मानाने ती गंगाजळी लहानच असते.

तरीही सांगतो, सरकारांनी कर्ज काढावे. कधीकधी ते काढलेच पाहिजे. मंदीत, दुष्काळात, साथीत जेव्हा लोक खर्च थांबवतात आणि कारखानदार हात आखडतो, तेव्हा खर्च करण्याची ताकद एकट्या सरकारकडे उरते. तेव्हा त्याने जमाखर्चाची तोंडमिळवणी करत बसणे म्हणजे आजार वाढवणे. जॉन मेनार्ड केन्सने हे १९३० च्या दशकात पुस्तकात मांडले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ते पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामावर करून दाखवले, आणि पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. सीमेपलीकडे काटोल-वरुडला ज्यांचे सोयरे आहेत, त्यांच्या घरात सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या आठवणी अजून निघतात. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा त्या वर्षापुरती सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत वाढवली, काही अटी घालून का होईना. त्याच ऑक्टोबरात राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षे मुदतीचे बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आली. सुरुवात १२ हजार कोटींची होती, २०२४-२५ पर्यंत ती दीड लाख कोटींवर गेली. पन्नास वर्षे आणि व्याज नाही! असे कर्ज आमच्या सोसायटीत कुणी मागितले असते तर त्याला पाणी पाजून घरी पाठवले असते. पण देशाच्या पातळीवर ते शहाणपणाचे होते.

शहाणपणाचे का, त्याला आकडा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला होता. सरकारने भांडवली कामावर एक रुपया घातला तर अर्थव्यवस्थेत सुमारे दोन रुपये पंचेचाळीस पैशांची भर पडते. थेट वाटलेल्या किंवा चालू खर्चात गेलेल्या रुपयाची भर रुपयाच्या जरा आतच राहते. अशा आकड्यांवर अर्थशास्त्री भांडत राहतात आणि त्यांनी भांडावेच, पण दिशेबद्दल फारसा वाद नाही. रस्ता, धरण, वीजकेंद्र पैसे परत आणते. अट एवढीच, की ते पुरे झाले पाहिजे.

ही अट आमच्या भागाने फार जवळून पाहिली आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झाले. तेव्हाचा खर्च ३७२ कोटी. तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या पुढे गेला, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि तरी ठरलेले सगळे क्षेत्र अजून भिजलेले नाही. मधल्या साडेतीन दशकांत त्या पैशावर व्याज चढत राहिले, वावरात मात्र पाणी चढले नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकातले ते दोन रुपये पंचेचाळीस पैसे कालवा अर्धवट राहिला की कुठे जातात, हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला विचारावे. पश्चिम महाराष्ट्राची गोष्ट निराळी, पण धडा तोच. बचावत लवादाने दिलेले कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी ३१ मे २००० च्या आत अडवायचे म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ काढले, सरकारच्या हमीवर चढ्या व्याजाचे रोखे लोकांना विकले. घाई समजण्यासारखी होती. पण महामंडळाच्या नावावरचे कर्ज राज्याच्या अर्थसंकल्पात दिसत नव्हते, आणि फेडायची वेळ आली तेव्हा ते राज्याच्याच दारात येऊन बसले. असे बाहेरून काढलेले कर्ज आपल्या राज्यातल्या मंडळांच्या आणि निगमांच्या नावावर किती आहे, हेही एकदा एका कागदावर यावे.

आता आपल्या कागदांकडे येतो. १२ मार्च २०२५ ला आपण २०२५-२६ चा ४ लाख २१ हजार ३२ कोटींचा अर्थसंकल्प मांडला. नवा कर नाही. राजकोषीय तूट ७८,९०२ कोटी, म्हणजे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ४.६६ टक्के. तीन टक्क्यांच्या वर दिसते, पण केंद्राचे ते पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज नेहमीच्या मर्यादेबाहेर धरले जाते, आणि वीजसुधारणांसाठी आणखी अर्धा टक्का मुभा होती. तेव्हा याबद्दल मी गहजब करणार नाही. राज्याचे एकूण कर्ज चार लाख कोटींच्या पुढे गेले आहे, म्हणजे साधारण एका वर्षाच्या अर्थसंकल्पाएवढे. त्याचाही मी बाऊ करत नाही.

माझे लक्ष गेले ते दुसऱ्या एका ओळीकडे. आपण महसुली खात्यात ६१८ कोटी शिल्लक दाखवली आहे. म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने, लाडली बहना, सगळे भागवून थोडेसे उरते. आणि भांडवली खर्च ८० हजार कोटींहून जास्त. याचा सरळ अर्थ असा, की जुने फेडण्यापुरते सोडले तर आपण जे कर्ज काढता ते सगळेच्या सगळे रस्ते, धरणे, इमारती, पूल अशा टिकाऊ कामांत जाते. २००५ च्या राज्याच्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याला हेच हवे होते. महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्याला महसुली तूट झाकता येत नाही, आणि आपण कागदावर शिलकीत आहात. शाबासकी द्यावी असे हे आहे, आणि मी ती देतो.

पण मग पुढचा प्रश्न सोसायटीतल्या माणसाला सुचणारच. सगळे कर्ज जर टिकाऊ वस्तूत गेले असेल, तर वस्तू दाखवा.

आमच्याकडून सुरुवात करू. २०१९ मध्ये छिंदवाडा सिंचाई कॉम्प्लेक्स मंजूर झाला. खर्च सुमारे साडेपाच हजार कोटी, लाभक्षेत्र जवळपास एक लाख नव्वद हजार हेक्टर, त्यात पांढुर्ण्याकडचेही धरण. गावोगावी पत्रके आली, शेतकऱ्यांनी मनातल्या मनात पाटाच्या पाण्यावर गहू पेरून टाकला. मार्चअखेर आमच्या विहिरींचे पाणी जिथे असते तिथेच अजून आहे. बोअर आणखी खोल गेले, संत्र्याला टँकरने पाणी देणारे बागाईतदार अजूनही उन्हाळ्यात दिसतात. १० मे २०२५ ला भोपाळला मुख्यमंत्री मोहन यादव आणि देवेंद्र फडणवीस यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. त्याच वेळी कन्हानच्या उपखोऱ्यातल्या जामघाट प्रकल्पाचीही बोलणी निघाली : नागपूरला पिण्याचे पाणी, आणि आमच्या दक्षिण भागाला सिंचन. चांगली गोष्ट आहे. पण आधीचा कॉम्प्लेक्स आणि हा जामघाट यांचा एकमेकांशी संबंध काय, कोणते गाव कशात येते, कोणते बुडते, पहिल्यासाठी काढलेल्या पैशातला किती खर्ची पडला, हे आम्हाला कुठल्याही एका कागदावर सापडत नाही.

लोहमार्गाचे उदाहरण आपल्या खात्यातले नाही, ते केंद्राचे. तरी इथे घेतो, कारण उशिराची किंमत त्यातून कळते. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस ब्रॉडगेजसाठी बंद झाली. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा इथल्या माणसांना नागपूरला जाण्याचे सगळ्यांत स्वस्त साधन त्या दिवशी गेले. मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला, पूर्ण व्हायला सहा वर्षे लागली. एवढ्या काळात नागपुरात शिकणाऱ्या पोरांनी बसच्या तिकिटावर किती घातले, हा खर्च रेल्वेच्या वहीत कुठेच नाही. काम झाले हे खरे, आणि त्याचा उपयोगही होतो. पण कर्जावर चालणाऱ्या कामात एक वर्षाचा उशीर म्हणजे एक वर्षाचे व्याज, आणि शिवाय लोकांच्या खिशातून गेलेले ते वेगळेच.

आणि ज्याला भांडवली म्हणायचे त्याची व्याख्याही आता बरीच ऐसपैस झाली आहे. जामसावळीला हनुमान लोक या देवस्थान संकुलाची पायाभरणी २०२३ मध्ये झाली. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पांढुर्णा जिल्हा जन्माला आला, आचारसंहितेच्या चार दिवस आधी. मारुतीवर आमची श्रद्धा आहे. जिल्ह्यासाठी आम्ही कित्येक वर्षे मागणी केली होती, छिंदवाड्याला कचेरीच्या कामासाठी दिवस मोडायचा त्रास वाचला, हे मान्य. देवस्थानाच्या दगडी कमानी आणि जिल्हा कचेरीची इमारत, दोन्ही हिशेबात भांडवली खर्चच. पण कालव्याचे पाणी जसे पीक देते, पिकातून बाजार कर देतो आणि त्या करातून व्याज भागते, तसे कमानीचे होते का? भाविक येतील, हॉटेले निघतील, असे म्हणतात. निघतीलही. किती निघाली ते पाच वर्षांनी मोजणार कोण, एवढेच विचारतो.

लाडली बहनाबद्दल बोलायलाच हवे, नाही तर हे पत्र अपुरे राहील. जून २०२३ मध्ये महिलांना दरमहा हजार रुपयांनी सुरुवात झाली, त्या ऑक्टोबरात साडेबाराशे झाले, नोव्हेंबर २०२५ पासून दीड हजार. इथे आमची सीमा गमतीची आहे. एक बहीण मोहगावात, दुसरी सावनेरला दिलेली. जुलै २०२४ पासून सावनेरच्या बहिणीला महाराष्ट्राच्या लाडक्या बहिणीचे दीड हजार आणि इकडचीला साडेबाराशे, म्हणून राखीला थट्टा व्हायची. आता दोघी सारख्या झाल्या. या पैशाला मी 'रेवडी' म्हणणार नाही. तो शब्द वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना दीड हजारात महिन्याचे काय काय निघते ते माहीत नसते. बीपीची गोळी निघते, मुलीची फी निघते, बचत गटाचा हप्ता नवऱ्यापुढे हात न पसरता भरला जातो. आठवडी बाजारातला दुकानदार सांगतो, महिन्याच्या त्या तारखेनंतर दोन दिवस उधारी कमी होते. गरिबाच्या हातचा पैसा साठत नाही, तो गावातच फिरतो, हेसुद्धा अर्थशास्त्रच आहे.

तरी आकडा डोळ्यांसमोर असावा. २०२५-२६ साठी या एका योजनेची तरतूद १८,६६९ कोटींची होती. छिंदवाडा सिंचाई कॉम्प्लेक्ससारखे तीन प्रकल्प त्यात बसून वर काही उरते, आणि हा खर्च दरवर्षीचा. आपण म्हणाल, तो महसुली उत्पन्नातून भागतो, कर्जातून नाही. हिशेबाच्या रकान्यात ते खरे आहे. पण पैशावर रकान्याचे नाव लिहिलेले नसते. हे अठरा हजार कोटी नसते तर तेवढी महसुली शिल्लक भांडवली कामांना गेली असती आणि तेवढे कर्ज कमी काढावे लागले असते. म्हणून 'कर्ज फक्त विकासासाठी' हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. लाडली बहना चालवायची तर चालवा. तिच्यासाठी कोणते काम मागे पडले तेही त्याच भाषणात सांगा. बहिणींना हिशेब कळतो. बचत गटाच्या वह्या मी तपासल्या आहेत, सोसायटीच्या वह्यांपेक्षा त्या नेटक्या असतात.

या रकान्यांचा आणखी एक घोळ आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. नवा तलाव बांधला की तो खर्च भांडवली, म्हणजे चांगला. जुन्या तलावाचे गेट बदलले, कालव्यातला गाळ काढला, फुटलेले अस्तर दुरुस्त केले की तो महसुली, म्हणजे कागदावर वाईट. महसुली शिल्लक दाखवायची असेल तर कात्री आधी कशावर चालते, हे सांगायला नको. त्यामुळे नव्या कोनशिला वाढतात आणि जुन्या पाटातून पाणी शेवटच्या वावरापर्यंत जात नाही. त्या जुन्या पाटाचे कर्जही कधी काळी आपणच काढले होते आणि त्याचे व्याज आपणच भरले. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून ते बुडीत खाती घालणे, हा माझ्या मते या राज्यातला सर्वांत महाग काटकसरीचा प्रकार आहे.

आता मागणी. ती नवीन कायद्याची किंवा पैशाची नाही.

मध्य प्रदेशात प्रत्येक खातेदार शेतकऱ्याकडे भू-अधिकार एवं ऋण पुस्तिका असते. जमीन किती, सिंचन कशाचे, कर्ज कुणाचे, कधीचे, फिटले की नाही, सगळे तिच्यात. सोसायटीत आला की आधी ती पुढे ठेवायची, मग बोलायचे. जामीन द्यायला कोर्टात गेला तरी तीच दाखवायची. शेतकऱ्याची अब्रू तिच्या पानांवर असते. तशी एक पुस्तिका शासनाने प्रत्येक तहसिलीसाठी काढावी. कर्जाच्या किंवा केंद्राच्या बिनव्याजी पैशावर त्या तहसिलीत कोणते काम घेतले. मूळ अंदाज किती, सुधारित किती आणि सुधारणा का. कोणत्या वर्षी पुरे होणार होते आणि आज कुठे आहे. आजवर किती पैसा गेला. पुरे झाले असेल तर त्यातून काय मिळाले, म्हणजे किती हेक्टर प्रत्यक्ष भिजले, रस्त्यावरून काय वाहतूक होते. आणि देखभालीला दरसाल किती ठेवले. बस्स. सौंसरची पुस्तिका पंधरा-वीस पानांच्या वर जाणार नाही.

ही माहिती नाही असे म्हणता येणार नाही. पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जासाठी राज्याला कामांची यादी दिल्लीला पाठवावी लागते, तेव्हाच ते मिळते. महालेखापरीक्षक राज्याच्या वित्तावरच्या अहवालात अपूर्ण प्रकल्पांचा आणि त्यांत अडकलेल्या पैशाचा हिशेब देतात. म्हणजे दिल्लीला दिसते, लेखापरीक्षकाला दिसते. फक्त ज्याच्या नावाने कर्ज आहे त्याला दिसत नाही.

आणि असे करता येते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले, व्याज सव्वाआठ टक्के. पैसा कशाला, हे आधीच जाहीर : खरगोन जिल्ह्यात जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प, कारण नर्मदेचे पाणी इंदूरपर्यंत चढवायला विजेचे बिल डोईजड होत होते. मागणी त्याहून कितीतरी जास्त आली. लोकांना काय बांधले जाणार, त्यातून बिल कसे वाचणार आणि व्याज कुठून येणार हे दिसत होते, म्हणून त्यांनी पैसा दिला. इंदूरची ही रीत जुनीच म्हणायची. १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. संस्थानिकाने साम्राज्याला उसने द्यायचे! पण तुकोजीरावांना पक्के माहीत होते की पैसा कुठल्या रुळांत जाणार आहे आणि त्या रुळांवरून माळव्याचा माल कुठे उतरणार आहे. जमीनही त्यांनी फुकट दिली. सावकार म्हणून त्यांनी जे विचारले असेल तेच आज आम्ही विचारतो. आयुर्विम्याच्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या वाटेने आपले सावकार आम्हीही आहोत, आणि करांच्या वाटेने कर्जदारही आम्हीच.

आपल्या अडचणी मला दिसतात. केंद्राच्या करातला वाटा वित्त आयोग ठरवतो. पंधराव्या आयोगाने आपल्याला ७.८५ टक्के दिले, त्यात आपला हात नाही. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्याच्या हाती दारू, पेट्रोल, मुद्रांक शुल्क एवढेच मोठे कर उरले. अनुच्छेद २९३ खाली कर्जालाही दिल्लीची संमती लागते. निवडणूक आली की पक्षाचे जाहीरनामे वित्तमंत्र्याला विचारून लिहिले जात नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये कमलनाथ सरकारने शपथविधीच्याच दिवशी कर्जमाफीच्या कागदावर सही केली. त्यानंतर आमच्या सोसायटीत दोन वर्षे नेमाने फेडणाराही थबकला होता, कारण माफीत नाव येईल की नाही कुणालाच कळेना. अशा गोष्टींची किंमत कुठल्याच पक्षाच्या पत्रकात छापलेली नसते. पुस्तिका असेल तर निदान पुढच्या वेळी कुणी काही जाहीर केले की त्या पानांवर काय वाढले आणि काय खोडले, एवढे बघता येईल.

सुरुवात पांढुर्णा जिल्ह्यापासून करावी अशी विनंती आहे. जिल्हा नवा आहे, दोनच मोठ्या तहसिली आहेत, कागद फार जमलेले नाहीत. पहिल्या पानावर छिंदवाडा सिंचाई कॉम्प्लेक्स घ्यावा. एक प्रत सौंसरच्या तहसील कचेरीत, एक मोहगावच्या नगर परिषदेत, एक सोसायटीच्या फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेली. फळ्यावर थकबाकीदारांची नावे लिहायची पद्धत आहे, तिथे येणारी माणसे वाचतात. दरवर्षी एप्रिलमध्ये ती बदलावी, आणि ज्या कामाचा आकडा वाढला असेल त्याच्या समोर वाढवणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा असावा. पहिली पुस्तिका आली की त्यातल्या मोहगावच्या नोंदी शिवारात जाऊन ताडून बघण्याचे आणि चुका कळवण्याचे काम आम्ही चार-पाच निवृत्त माणसे बिनपगारी करू.

आपला,
सहकारी समितीचा एक निवृत्त कर्मचारी
मोहगाव, तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा

प्रत : जिल्हाधिकारी, पांढुर्णा